मेणावरचा चावा

आत्यांनी किडा रंगेहाथ पकडला आणि कपातला चहा निवायच्या आत घराने निकालही देऊन टाकला.

किडा होता काकांच्या टाकीत. बैठकीच्या खोलीची एक अख्खी भिंत त्या टाकीने व्यापली होती. आत खारं पाणी, मासे, आणि दगडांवर वाढणारं जिवंत प्रवाळ. काकांचा धंदा पंपदुरुस्तीचा. टाकीची काच तेवढी विकतची. पंप, नळ्या, गाळणी, वरचे दिवे, सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडलेलं. आणि टाकीच्या मधोमध ते हिरवं प्रवाळ. अंगठ्याएवढा कोंब आणला होता त्यांनी, तो वाढत वाढत कोबीच्या गड्ड्याएवढा झाला होता. काका त्याच्याशी बोलत नसत एवढंच, बाकी सगळे लाड चालायचे. तर गेले काही दिवस त्या प्रवाळाचं मांस कुणीतरी कुरतडत होतं. रोज नवी जखम, आणि जखमेखाली उघडं पडलेलं पांढरं हाड. त्या सकाळी टाकीचे दिवे लागायच्या आधी आत्या चहा घेऊन समोरून चालल्या होत्या, आणि त्यांना जखमेवर ते दिसलं. वीतभर लांब, गुलाबी, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांची झालर, आणि तोंड थेट जखमेत.

"ही बघा अवदसा," आत्या म्हणाल्या. "त्या दगडातून आली. आणा अजून दगड."

दगड आणला होता दातवालीने.

हे नाव तिला काकांनीच ठेवलेलं. शहरातल्या एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि परक्या माणसांच्या जबड्यांचे साचे. काकांची ती सख्खी मुलगी नव्हे. तिची आई दुसरं लग्न करून या घरात आली तेव्हा ही तिचं बोट धरून आली, दुधाचे दात तोंडात घेऊन. काकांना बाबा म्हण असं तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिने आपणहून म्हटलं नाही. गाडी 'काका'वर अडकली ती तिथेच गंजली. पुढे आई गेली. काकांची थोरली बहीण घर सांभाळायला म्हणून राहायला आली. आत्या स्वयंपाक चांगला करायच्या, आजारपणात उशाशी बसायच्या, आणि बोलताना सुरी परजून बोलायच्या.

दगड तिने एका म्हाताऱ्या शौकिनाकडून आणला होता. तो आपली जुनी टाकी मोडत होता. दगड म्हणजे नुसता दगड नव्हे. भोकाभोकांचा, जांभळ्या खरपुड्यांचा, आत एक अख्खी वस्ती असलेला. काकांच्या टाकीत ठेवल्यावर त्या वस्तीतले लोक एकेक करून बाहेर डोकवायला लागले. नखाएवढे पांढरे तारामासे. काचेसारखं पारदर्शक एक फूल, हात लावला की गडप होणारं. एक केसाळ खेकडा, त्याचे फक्त डोळे दिसायचे. काका तेव्हा खूश होते. भाडं न देणारे भाडेकरू, असं म्हणाले होते. त्याच आठवड्यात प्रवाळाला पहिली जखम झाली आणि भाडेकरूंचे चोर झाले.

वेळही वाईट होती. येत्या रविवारी खाऱ्या पाण्याच्या शौकिनांचं मंडळ काकांकडे टाकी पाहायला येणार होतं. वर्षानुवर्षं हे लोक एकमेकांच्या घरी जाऊन नाकं मुरडत आले होते. यंदा पहिल्यांदाच काकांची पाळी होती. पंपवाल्याची टाकी काय असणार, असं त्यांच्यातलं कुणीतरी म्हणाल्याचं काकांच्या कानावर आलं होतं, आणि तेव्हापासून हा माणूस टाकीच्या मागे हात धुवून लागला होता. घासणं, पुसणं, परत घासणं.

त्यांनी मासेवाल्याला फोन केला. मासेवाल्याने सांगितलं, दगड काढा, मोठ्या पातेल्यात उकळा, आतलं सगळं मरेल. काका पातेलं शोधायला निघाले तेव्हा दातवाली आडवी आली. त्या दगडावर बटणासारखे जे जीव आहेत त्यांच्यात विष असतं, ती म्हणाली. दगड उकळला तर वाफेतून ते घरभर होईल आणि रविवारी मंडळ टाकीऐवजी आपल्याला भेटायला दवाखान्यात येईल. काकांनी पातेलं परत ठेवलं. मग गच्चीवर उन्हात वाळवू, म्हणाले. मरणं तेच, फक्त सावकाश.

"ज्याच्या त्याच्या बरोबर काय काय येतं," आत्या म्हणाल्या, "ते आणणाऱ्याला कुठे कळतं? निस्तरावं मात्र घराला लागतं."

हे वाक्य दगडाबद्दल नव्हतं. खोलीतल्या तिघांनाही ते ठाऊक होतं. दातवालीने ते लहानपणापासून ऐकलं होतं, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी दाराआडून. दर वेळी शब्द वेगळे, मतलब एकच: आईबरोबर आलेली. तिने काकांकडे पाहिलं. काका पंपाचा नट आवळत होते. तो नट आधीच आवळलेला होता. अशा वेळी गप्प बसणाऱ्या माणसाला लोक समजूतदार म्हणतात. कसला समजूतदार! भांडण आपल्या अंगावर येऊ नये एवढीच त्याची समज असते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज मात्र लॅबमधल्यासारखा सरळ राहिला.

"शनिवारपर्यंत दगडाला कुणी हात लावायचा नाही. चावतंय कोण ते मी दाखवते. नाही दाखवता आलं तर दगड मीच गच्चीवर नेऊन ठेवीन, आणि परत या टाकीत बोटसुद्धा घालणार नाही."

काका म्हणाले, बरं. आत्यांनी आपली खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ केली. त्या अवदसेचं तोंड पाहायला नको म्हणून.

तर आता पणाला काय लागलं होतं ते उघड आहे. दगड, आणि त्या घरात तिच्या शब्दाला असलेली जी काही किंमत होती ती.

पहिल्यांदा तिने सगळे करतात तेच केलं. फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि विचारलं, हे काय आहे? जगात रिकामटेकड्यांची वाण नाही. एकाने लिहिलं, आगकिडा, ताबडतोब मारा. दुसऱ्याने लिहिलं, निरुपद्रवी, पहिल्याचं ऐकू नका. मग ते दोघे एकमेकांच्या शिक्षणावर घसरले. तिसऱ्याकडे औषध होतं, ते त्याला विकायचं होतं. चौथ्याने अशी अळी त्याच्याकडे हातभर झाली आणि मासे गिळायला लागली अशी गोष्ट सांगितली, पण फोटो मागितल्यावर तो गायब झाला. नाव मात्र एकालाही खात्रीने सांगता आलं नाही. गुन्हा कुणी केला याचा पत्ता नसताना शिक्षा काय द्यायची यावर मात्र सगळ्यांची मतं पक्की. घरात तरी दुसरं काय चाललं होतं?

मग तिने पकडायचं ठरवलं. प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून आत कोळंबीचा तुकडा टाकला. अळी आली, बाटलीत शिरली, अडकली. इथवर ठीक. पुढे मात्र बाईने उत्साहाच्या भरात उघड्या हाताने ती उचलली. ते पांढरे केस दिसायला मऊ. बोटांत शिरले की काचेच्या कुसळांसारखे. चिकटपट्टी लावून, ओढून, शिव्या घालून तिने ते काढले, तरी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मेणाची सुरी धरवेना. मालकिणीने विचारलं, काय झालं? अळी चावली म्हणाली असती तर सोपं होतं. पण ती थांबली. चावली नव्हतीच. टोचली होती.

घरी येऊन तिने अळी पाण्याच्या वाटीत घेतली, या वेळी चमच्याने, आणि कवळ्या तपासायचं भिंग लावून तिच्या तोंडात पाहिलं. दात नव्हते. जबडा नव्हता. मोजा उलटा करावा तसा एक मऊ पिशवीसारखा घसा बाहेर यायचा आणि परत आत जायचा. हिला प्रवाळाचं मांस कापता येणं म्हणजे तिच्या लॅबमधल्या बोळक्या गिऱ्हाइकांनी कवळीशिवाय ऊस सोलणं. तिने अळी परत टाकीत सोडली.

पण एकट्या तिला पटून काय उपयोग. शुक्रवारी तिने सुट्टी घेतली, भर दुपारी टाकीवर काळी चादर टाकली, टॉर्चला लाल कागद लावला आणि चादरीखाली शिरून बसली. या जिवांना लाल उजेड दिसत नाही, त्यांना वाटतं रात्र झाली. काका जेवायला घरी आले. चादरीतून दोन पाय बाहेर आलेले पाहून त्यांनी काय चाललंय ते विचारलं, आणि मग तेही गुडघे धरत, कण्हत आत शिरले.

तिघं तिथे बसली, तिसरी अळी. ती दगडाच्या भोकातून निघाली, वाळूवरून सरपटत प्रवाळावर चढली आणि जखमेपाशी आली. काका पुढे झुकले. जखमेच्या कडेला मेलेल्या मांसाचा बुळबुळीत थर धरला होता. अळीने तो चाटून पुसून खाल्ला. जिवंत मांसाला तिचं तोंड लागलं मात्र, ती चटका बसल्यासारखी मागे फिरली. परत मेलेल्या भागाकडे गेली. पुन्हा पुन्हा तसंच.

"ही तर साफ करतेय," काका हळू आवाजात म्हणाले.

"करतेय. आणि मढ्यापाशी सापडली म्हणून फाशी."

काका चादरीतून उठले नाहीत. जेवण निवून गेलं. शेवटी त्यांनी विचारलं तो प्रश्न रास्त होता. ही नाही, तर मग कोण? खेकडा? नुसतं बसून पाहण्यात अर्थ नव्हता. चादर काढून दिवे लावले की टाकी एकदम सद्गुणी व्हायची. समोर माणूस दिसलं की निळा-पिवळा मोठा मासा काचेला येऊन तोंड वासायचा, खायला द्या म्हणून. त्याला घरात साहेब म्हणत. साहेब चार वर्षं या टाकीत होता आणि आत्यांचा विशेष लाडका होता.

त्यावर दातवालीने जे केलं ते फक्त दातवालीलाच सुचण्यासारखं होतं. कवळी बोचते अशी तक्रार घेऊन माणूस येतो तेव्हा तो बोट भलतीकडेच दाखवतो. वर दुखतं म्हणतो, बोचत असतं खाली. म्हणून लॅबमध्ये माणसाला विचारत बसत नाहीत. त्याला मेण चावायला देतात आणि मेण वाचतात. माणूस चुकेल, मेणावरचा चावा चुकत नाही.

तिने मेलेल्या प्रवाळाचे दोन तुकडे घेतले. लॅबमधलं गुलाबी मेण मऊ करून त्यात कोळंबीचा रस मळला आणि तुकड्यांवर पातळ, गुळगुळीत थर दिला. पहिला तुकडा दिवे मालवल्यावर टाकीत ठेवला आणि शनिवारी सकाळी, दिवे लागायच्या आत, काढला. काढल्याबरोबर दुसरा ठेवला आणि निघून गेली. काका दुकानात, ती लॅबमध्ये, आत्या टाकीकडे पाठ करून. टाकीसमोर दिवसभर कुणी नाही.

संध्याकाळी दोन्ही तुकडे तिने जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवले. काकांच्या हातात भिंग दिलं. आत्याही आल्या, कोथिंबीर निवडत, आपल्याला काही पडलेलं नाही अशा चेहऱ्याने.

रात्रीच्या तुकड्यावर फारसं काही नव्हतं. एका कोपऱ्यात टाचणीने टोचल्यासारख्या जोड्या: दोन टिंबं, दोन टिंबं. खेकड्याने चिमटे घेऊन पाहिले होते आणि नाद सोडला होता. अळी बहुतेक वरून गेली होती, कारण मेणावर दोन-चार केस चिकटले होते. ओरखडा एक नाही.

दिवसाच्या तुकड्यावर मात्र मेण शिल्लकच कमी होतं. कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडे खरवडलेलं. आणि प्रत्येक खरवडीत बारीक, समांतर, दाट रेघा.

"कुणीतरी फणी फिरवलीय," काका म्हणाले.

"वरून एक फणी आणि खालून एक. मधे मिटतात, हे बघा." तिने सुरीच्या टोकाने दाखवलं. "हा जबडा आहे. ब्रशसारखे दात असलेला. अळीला जबडा नाही. खेकड्याला चिमटा आहे, फणी नाही. आणि हा चावणारा दिवसा चावतो, कुणी बघत नसताना. आपण समोर आलो की चावणं सोडून काचेपाशी येतो."

तिघांनी टाकीकडे पाहिलं. साहेब काचेला चिकटून तोंड उघडमीट करत होता. ओठांमागे बारीक दातांचा पट्टा स्वच्छ दिसत होता.

"तो?" आत्या म्हणाल्या. "तो तर माझ्याशी बोलतो."

काका कबूल व्हायला तयार नव्हते. चार वर्षं हा मासा प्रवाळाशेजारी राहिला, कधी तोंड लावलं नाही, आता दगड आल्यावरच का? हा प्रश्न तिलाही छळत होता. उत्तर तिला भिंगाशिवाय मिळालं. साहेबाच्या मागची काच आरशासारखी चकचकीत होती. त्या काचेवर कायम हिरव्या शेवाळाचा पातळ थर असायचा. आजूबाजूच्या दगडांवरही असायचा.

"काका, मागची काच कधी घासलीत?"

काकांनी सांगायला सुरुवात केली. मंडळ येणार म्हणून घासली. दगडही घासले, जुना टूथब्रश घेऊन, फटीफटीतून. कधी? तेच, तो दगड आणलास त्याच आठवड्यात, म्हणजे सगळं एकदमच... आणि बोलता बोलता ते थांबले. साहेब दिवसभर त्या शेवाळावर चरायचा. त्याचं कुरण त्यांनी खरवडून गटारात सोडलं होतं, मंडळाच्या डोळ्यांत भरावं म्हणून. भुकेल्या जिवाने समोर मऊ लागलं ते खाल्लं.

काकांनी भिंग खाली ठेवलं. खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे मी," ते म्हणाले.

कुणाला तरी हे दगडावर ढकलता आलं असतं, माशावर ढकलता आलं असतं, मंडळावर तर सहजच. त्यांनी ढकललं नाही. या माणसाचा आज पहिल्यांदाच तिला अभिमान वाटला, आणि मग तिचा तिलाच राग आला, की इतक्या वर्षांत नट आवळणारे हात पाहिले आणि त्यापलीकडे पाहायचं राहून गेलं.

आत्यांनी कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या. "मासाच तो," त्या म्हणाल्या. "भूक लागली तर खाणारच बिचारा."

"अळीलाही एवढंच म्हणाला असतात," दातवाली म्हणाली, "तर माझी एक सुट्टी वाचली असती."

 आत्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या आणि तिच्यासमोर चहा ठेवला. न विचारता, साखर तिला लागते तेवढीच. मग खुर्ची फिरवून टाकीकडे तोंड करून बसल्या. माफी मागणं त्यांना जमण्यातलं नव्हतं, आणि दातवालीला ती ऐकायचीही नव्हती. चहा मात्र ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

त्याच संध्याकाळी काकांनी काचेच्या तुकड्यांची एक पेटी जोडली, दाराला दोरा बांधला, आत शेवाळाचा वाळका कागद लावला. साहेब आपल्या पायांनी तुरुंगात जावा तसा आत गेला. त्याची रवानगी दुकानातल्या जुन्या टाकीत झाली. ती टाकी काकांनी कित्येक महिन्यांत घासली नव्हती, हिरवीगार होती. त्याला बघायला म्हणून आत्या जन्मात पहिल्यांदा दुकानात गेल्या आणि परत येऊन सांगितलं, ओळखलं मला.

रविवारी मंडळ आलं. टाकीसमोर गर्दी झाली. प्रवाळावरच्या जखमा दिसत होत्या, त्या झाकणं शक्य नव्हतं, आणि काकांनी तसा प्रयत्नही केला नाही. मंडळाचे अध्यक्ष, इस्त्रीच्या शर्टातले, काचेला नाक लावून बघत होते. काकांनी कोळंबीचे तुकडे टाकले, तसं दातवालीच्या दगडातून गुलाबी डोकं बाहेर आलं आणि केस पसरत वाळूवर उतरलं, ऐन उजेडात, पाहुण्यांसमोर.

"अहो, हे काय," अध्यक्ष म्हणाले. "दगडाबरोबर आलेलं दिसतंय. काढून टाका हो. असलं काही ठेवत नाहीत टाकीत."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला. दातवालीने तोंड उघडलं होतं, पण काका आधी बोलले.

"आलं होतं दगडाबरोबर. आता इथलंच आहे."

अध्यक्ष हसले. याचं शास्त्रीय नाव काय, कोणत्या जातीचं, ठाऊक आहे का, असं विचारलं. काका म्हणाले, नाव अजून सापडलेलं नाही, काम सापडलंय. आणि मग त्यांनी टाकीच्या वरच्या फळीवरून मेणाचे दोन्ही तुकडे काढले. ते त्यांनी कधी तिथे नेऊन ठेवले होते कोण जाणे, पांढऱ्या कागदासकट, धूळ बसू नये म्हणून वर वाटी पालथी घालून.

"हे हिने शोधलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "माझ्या मुलीने. चूक माझी होती, चोर माझा मासा होता, आणि मी निघालो होतो हिचा दगड वाळवायला. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते आता या टाकीत ही ठरवते. विचारा तिला काय विचारायचं ते."

 रडायला दातवाली त्या घरात शिकली नव्हती आणि आज तर मुळीच शिकणार नव्हती. तिने भिंग अध्यक्षांच्या हातात दिलं, तुकडा उजेडाकडे कसा तिरका धरायचा ते दाखवलं, आणि फणी कुठून सुरू होते ते सांगायला लागली. आवाज खणखणीत, जराही न लाजता. अध्यक्षांनी पाहिलं, परत पाहिलं, आणि भिंग सोडेनात. मागचे लोक कुरकुरले. मग आपोआप रांग लागली.

काका सगळ्यात शेवटी उभे राहिले, त्यांनी जणू ते आधी पाहिलंच नव्हतं.